दशांशचिन्हाच्या पुढचा घाट

पत्ता सांगायची आपली एक मुरलेली पद्धत आहे. ‘चांदणी चौक ओलांडलात की पौड रस्त्याला लागा. पुढं डाव्या हाताला पूर्वी एक पेट्रोल पंप होता, तिथं वळू नका. मग एक शाळा लागेल, ती सोडून द्या. मग कुणालाही विचारा.’ यातला पंप आता नाही, शाळा तीन लागतात आणि ‘कुणालाही’ नावाचे गृहस्थ सकाळी सात वाजता रस्त्यावर सापडत नाहीत. तरीही माणसं पोचतात, कारण या पद्धतीला शेवटी एक कलम जोडलेलं असतं : ‘जवळ आलात की फोन करा.’

हे कलम एका गाडीपुरतं ठीक आहे. वीस गाड्या निघाल्या की फोन करणारे एकोणीस होतात, घेणारा एक, आणि तो एक स्वतःच वाट चुकलेला असतो. त्यात भेटायची जागा घाटात असली तर मोबाइलची रेंज पहिल्याच वळणावर निरोप घेते.

आमचा ग्रुप जीपवाल्यांचा. त्यात जिप्सी आहेत, जुन्या एमएम ५४० आहेत, कोऱ्या करकरीत थार आहेत आणि एक बोलेरो आहे. बोलेरोला आम्ही मोठ्या मनानं सामावून घेतलं आहे. चिखलात रुतलेल्या जीप ती तितक्याच मोठ्या मनानं बाहेर ओढते. पाऊस लागला की एका रविवारी ताम्हिणी घाटात जमायचं, धुक्यात उभं राहून भजी खायची, एकमेकांच्या बॉनेटखाली डोकावायचं आणि ‘क्लच जरा बघून घे हं’ असं म्हणून समोरच्याचा आठवडा खराब करायचा, हा वार्षिक कार्यक्रम. त्यातले पहिले दोन तास दर वर्षी एकमेकांना शोधण्यात जातात. म्हणून यंदा अ‍ॅडमिनसाहेबांनी फतवा काढला : वडाचं झाड बंद, धबधब्याच्या अलीकडे-पलीकडे बंद, ‘गेल्या वेळी जिथं पंक्चर झालं होतं’ हे तर कायमचं बंद. यापुढं फक्त को-ऑर्डिनेट्स. शुक्रवारी रात्री मेसेज आला :

‘रविवार. सकाळी ८. १८.४४७४, ७३.४२९१. वेळेवर या.’

पाच मिनिटांत पहिली शंका : ‘हे दोन पिनकोड कसले? जागा एकच आहे ना?’

शंका रास्त होती. ठिपक्याकडं काणाडोळा केला तर दोन्ही आकडे सहा-सहा अंकी. श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी अधिकाऱ्यानं, जे संस्कृतात कविताही करत, देशाला पिनकोडची शिस्त लावून दिली. १५ ऑगस्ट १९७२ पासून ती चालू आहे, आणि तेव्हापासून सहा अंक दिसले की आपल्याला पोस्टमन दिसतो. त्या हिशेबानं पहिला आकडा जम्मूतल्या कठुआकडं जातो आणि दुसरा दार्जिलिंग-सिलिगुडीकडं. रविवारी आठ वाजता दोन्हीकडं हजेरी लावणं डिझेलच्या सध्याच्या भावात कुणालाच झेपणारं नव्हतं.

अ‍ॅडमिनसाहेबांनी खुलासा केला. पहिला आकडा अक्षांश, म्हणजे विषुववृत्तापासून किती उत्तरेला. दुसरा रेखांश, म्हणजे ग्रिनिचपासून किती पूर्वेला. दोन्ही रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं गाडी लावायची. मराठी घरात हे दोन शब्द भूगोलाच्या पुस्तकातून येतात तसेच पत्रिकेतूनही येतात, कारण कुंडली मांडायची तर जन्मस्थळाचे अक्षांश-रेखांश लागतातच. त्यामुळं हा खुलासा वाचून एका ज्येष्ठ सदस्यांनी आठची वेळ राहुकाळात नाही ना, एवढंच विचारलं. नव्हती. रविवारचा राहुकाळ संध्याकाळी असतो. ठराव पुढं सरकला आणि क्रमापाशी अडला.

कर्नलसाहेब म्हणाले, ‘हे उलटं आहे.’ ते फौजेतून निवृत्त झालेत, आणि नकाशा म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाची पन्नास हजारास एक प्रमाणाची शीट, बाकी सगळी चित्रं, असं त्यांचं मत आहे. फौजेत जागा सहा आकड्यांत सांगतात. पहिले तीन पूर्वेकडचे, पुढचे तीन उत्तरेकडचे, आणि त्यातून शंभर मीटरचा एक चौकोन मिळतो. आधी आडवं, मग उभं. त्यांच्या बाजूनं ताबडतोब मास्तर उभे राहिले. मास्तर गणित शिकवतात. आलेखावर बिंदू मांडताना आधी क्ष, मग य, हे सातवीतल्या पोराला कळतं तर जीपवाल्यांना का कळू नये, असा त्यांचा सवाल होता. तेवढ्यात हिंजवडीतला आमचा एक तरुण सदस्य रात्रपाळीतून डोकावला आणि म्हणाला, आमच्याकडं जिओजेसन नावाच्या मांडणीतही आधी रेखांश आणि मग अक्षांश लिहितात. लष्कर, शिक्षण आणि सॉफ्टवेअर अशी तिन्ही खाती एका बाजूला आणि अ‍ॅडमिनसाहेब एकटे दुसऱ्या बाजूला.

पण अ‍ॅडमिनसाहेबांच्या पाठीशी सगळं आरमार होतं. जहाजावरच्या माणसाला अक्षांश फार पूर्वीपासून काढता येत होते. रात्री ध्रुवताऱ्याची उंची मोजा, नाहीतर दुपारी सूर्याची. रेखांशाचं तसं नाही. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणजे रेखांश हे मुळात घड्याळातलं अंतर. निघालो त्या बंदरात आत्ता किती वाजले, हे भर समुद्रात कळलं तरच आपण किती पूर्वेला वा पश्चिमेला आलो ते कळणार. त्यासाठी हेलकाव्यांत न बिघडणारं घड्याळ हवं होतं. १७१४ साली ब्रिटिश संसदेनं त्यावर वीस हजार पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं आणि जॉन हॅरिसन नावाच्या सुतारकाम करणाऱ्या माणसानं त्या घड्याळापायी आयुष्य वेचलं. थोडक्यात, अक्षांश थोरले आणि रेखांश धाकटे. थोरल्याचं नाव आधी घ्यायचं, हा युक्तिवाद मराठी ग्रुपात टिकला.

तरी एकानं विचारलंच, ‘उलटं टाकलं तर काय होतं?’ ही शास्त्रीय जिज्ञासा होती, म्हणून सगळ्यांनी उलटं टाकून पाहिलं. ७३.४२९१ उत्तर, १८.४४७४ पूर्व. नकाशा झर्रकन वर सरकला, युरोप मागं पडला, नॉर्वेसुद्धा संपला, आणि पिन एका गार निळ्या समुद्रात रुतली. जवळची जमीन म्हणजे उत्तरेला शंभरेक किलोमीटरवरचं बेअर आयलंड, मराठीत अस्वलबेट. १५९६ साली विलेम बेरेंट्स या डच दर्यावर्दीच्या तुकडीला ते सापडलं, आणि नाव ठेवायला कारण झालेलं अस्वल पांढरं होतं. तिथं भजी मिळत नाहीत. मग उत्साहाच्या भरात एकानं रेखांशाच्या मागं उणे चिन्ह लावलं, तर तो हैतीच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पावर जाऊन उतरला. अक्षांशामागं उणे लावणारा हिंदी महासागरात पडला. आकडे तेच, घाट तोच, एका आडव्या रेघेचा फरक. शनिवारी दुपारपर्यंत आमचा निम्मा ग्रुप जगभर विखुरला होता आणि एकाही गाडीत अजून डिझेल भरलेलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी दुसरं प्रकरण उभं राहिलं, ते म्हणजे ठिपक्यापुढची घरं. अ‍ॅडमिनसाहेबांनी चार दिली होती. थारवाल्यानं त्याच्या अ‍ॅपमधून त्याच जागेची चौदा घरं काढून पाठवली आणि खाली लिहिलं, ‘मोअर अ‍ॅक्युरेट.’

इथं हिशेब मांडणं भाग होतं. उत्तर-दक्षिण मोजलं तर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. पूर्व-पश्चिम आपल्या पट्ट्यात थोडं कमी, एकशे पाचेक. ठिपक्यापुढं एकच घर दिलं तर जागा अकरा किलोमीटरांत कुठंही असू शकते. त्यात घाटमाथाही मावतो आणि खालच्या कोकणाचा तुकडाही. दोन घरं दिली की सव्वा किलोमीटरच्या आत येतो, म्हणजे गाव सापडतं, गाडी नाही. तीन घरांना ११० मीटर, म्हणजे गाडी दिसते, नंबर वाचता येत नाही. चार घरांना अकरा मीटर, म्हणजे दोन जीप मागंपुढं उभ्या राहतात. पाचव्या घराला मीटरभर, म्हणजे ड्रायव्हरच्या सीटवर भेटायचं की शेजारच्या, हे ठरतं. सहावं अकरा सेंटिमीटर. सातवं एक सेंटिमीटर, म्हणजे चाकाच्या एका नटापाशी. आणि थारवाल्याच्या चौदाव्या घरात मीटरचा अब्जावा हिस्सा उरतो. तिथं चार-पाच अणू ओळीनं उभे राहू शकतील. आमच्या वीस गाड्यांचं पार्किंग त्यात कसं बसवायचं, हे त्यानं सांगितलं नाही.

बरं, हे चौदा आकडे देणारा फोन स्वतः किती नेमका? उघड्या आकाशाखाली चांगला फोन साधारण पाच मीटरपर्यंत खरं बोलतो. घाटात एका अंगाला कडा असला की उपग्रहाचा संदेश कड्यावर आपटून येतो आणि फोन दरीत उभा असल्यासारखा दाखवतो. म्हणजे चार घरांपुढं सगळा सोनाराच्या काट्यावर कांदे तोलण्याचा प्रकार. पण थारवाल्याला हे कोण सांगणार? त्याच्या गाडीला अजून शोरूमचं प्लॅस्टिक होतं.

हिंजवडीच्या तरुणानं यावर टपाल खात्याचा तोडगा सुचवला. २०२५ साली डिजिपिन आला आहे. दहा अक्षरी कोड, आणि सबंध देशाचे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन. कल्पना नामी आहे. थार चार मीटरांहून पंधरा मिलिमीटर आखूड असल्यामुळं नीट उभी केली तर एका डिजिपिनमध्ये बसते. जिप्सी मात्र किंचित लांब असल्यानं तिची स्टेपनी शेजारच्या डिजिपिनमध्ये जाते. यावरून थारवाले आणि जिप्सीवाले यांच्यात जे काही बोलणं झालं त्यात नकाशाशास्त्राचा भाग फारसा नव्हता.

अशा वेळी मला हमखास हिंगणघाट आठवतं. विल्यम लॅम्ब्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८०२ साली मद्रासजवळ एक रेघ मोजून हिंदुस्थानची मोजणी सुरू केली. त्याचं कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं. तंजावरच्या देवळाच्या शिखरावर ते चढवताना दोर तुटला आणि यंत्राचा चेंदामेंदा झाला. त्यानं ते स्वतः बसून ठोकून-ठाकून पुन्हा उभं केलं आणि पुढं निघाला. वीस वर्षं जंगलं, हिवताप आणि त्रिकोण. शेवटी १८२३ च्या जानेवारीत वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्यानं देह ठेवला, आणि त्याची कबर तिथंच आहे. एकेका जागेचे अंश-कला-विकला काढण्यासाठी माणसांनी असा जीव टाकला. आमच्यातला एक जण तेच आकडे फुकट मिळाल्यावर लिहितो, ‘एवढे नंबर कोण टाइप करणार? व्हॉइस नोट टाका.’

व्हॉइस नोट टाकली. तिच्यात स्वच्छ मराठीत ‘त्र्याहत्तर’ होतं. आता मराठी आकड्यांचा प्रश्न २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तर तीन’ छापण्यावरून महाराष्ट्रभर गाजून गेला आहे. तेव्हा चॅनेलांवर तावातावानं भांडलेल्या सगळ्यांना मी आमच्या एका जिप्सीच्या मागच्या सीटवर बसवू इच्छितो. पुढं बाबा, शेजारी आई, मागं इंग्रजी माध्यमातला चिरंजीव फोन घेऊन.

‘टाक रे. त्र्याहत्तर पूर्णांक...’

‘बाबा, त्र्याहत्तर म्हणजे सिक्स्टी थ्री ना?’

‘अरे, सेव्हन्टी थ्री!’ आई म्हणाली.

‘मग त्र्याण्णव?’

‘त्र्याण्णव कुणी म्हटलंय?’

कुणी म्हटलं नव्हतं, पण माहिती म्हणून सांगतो. त्रेसष्ट टाकलं असतं तर जिप्सी अरबी समुद्रात हजारेक किलोमीटर आत गेली असती आणि त्र्याण्णव टाकलं असतं तर म्यानमारच्या किनाऱ्याबाहेर बुडाली असती. मधल्या त्र्याहत्तरावर तेवढी जमीन आहे. ‘सत्तर तीन’ म्हटलं असतं तर हा संवाद झालाच नसता, आणि मग त्या घरात रविवारी सकाळी बोलायला काय उरलं असतं, हाही प्रश्न आहेच.

खरा घोटाळा मात्र काकांचा. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त, चाळीस वर्षं जीपवर, आणि मोबाइलवर त्यांचा विश्वास नाही. अ‍ॅडमिनसाहेबांनी खास त्यांच्यासाठी त्याच जागेचे आकडे जुन्या पद्धतीनं, अंश-कला-विकलांत कळवले : १८ अंश २६ कला ५१ विकला उत्तर, ७३ अंश २५ कला ४५ विकला पूर्व. काकांनी ते आपल्या डायरीत उतरवून घेतले. ही डायरी बघण्यासारखी आहे. कुठल्याशा खतकंपनीनं वाटलेली, जाड पुठ्ठ्याची, आणि तिच्या मधल्या पानात पेनाची लाल रिफील खोचलेली. काका अंशाचं चिन्ह अगदी नीट, छोटं शून्य काढून लिहितात. कलेला एक फटकारा, विकलेला दोन. रविवारी पहाटे चष्मा घरी राहिला. नातवानं डायरीतलं वाचून नेव्हिगेशनमध्ये टाकलं. त्याला ती शून्यं आणि फटकारे म्हणजे शाईचे डाग वाटले. त्यानं सरळ १८.२६५१, ७३.२५४५ असं टाकलं.

एका अंशात साठ कला असतात, शंभर नव्हे. सव्वीस कला, एक्कावन्न विकला म्हणजे अंशाचा जवळपास पंचेचाळीस शतांश, सव्वीस शतांश नव्हे. तास-मिनिटांचं गणित आपण रोज करतो. साडेआठला कुणी ‘आठ पूर्णांक तीस शतांश’ म्हणत नाही. पण तोच साठाचा हिशेब जमिनीवर आला की डोकं शंभराच्या हिशेबानं धावतं. इथं त्या धावण्यानं जागा वीस किलोमीटर दक्षिणेला आणि अठरा किलोमीटर पश्चिमेला सरकली. सरळ रेषेत सत्तावीस. योगायोग असा, की ही नवी जागा माणगावच्या जवळ पडते, आणि ताम्हिणीचा रस्ता उतरून तिकडंच जातो. त्यामुळं काकांना वाटेत कुठंही आपण चुकलोय असं वाटायचं कारणच नव्हतं.

रविवारी पावणेआठला कर्नलसाहेब ठरल्या जागी उभे होते. आठला आम्ही पाच-सहा गाड्या झालो. धुकं होतं, कणसंवाला होता, भज्यांचं तेल तापत होतं. आठ वाजून दहा मिनिटांनी काकांची हिरवी जीप वळणावर दिसली. सगळ्यांनी हात वर केले. काकांनीही काच खाली करून मोठ्या प्रेमानं हात हलवला, हॉर्न दोनदा वाजवला आणि ते तसेच पुढं निघून गेले. नेव्हिगेशन त्यांना अजून बरंच अंतर दाखवत होतं. वाटेत आणखीही कुठला जीपवाल्यांचा ग्रुप जमलेला दिसतोय, असं ते नातवाला म्हणाल्याचं नंतर कळलं. त्यांचा मेसेज आम्हाला रेंज आल्यावर मिळाला : ‘पोचलो. जागा छान आहे. एक म्हैस सोडून कुणी नाही. तुम्ही सगळे कुठं?’

रेंज नाही म्हणजे जीपीएसही नाही, ही समजूत मात्र त्या दिवशी बऱ्याच जणांची दूर झाली. जीपीएस उपग्रहाचं ऐकतो, टॉवरचं नाही. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरचे किमान चार उपग्रह दिसले की पुरे. नकाशा आधी उतरवून ठेवलेला असेल तर घाटात सगळं चालतं. नसेल तर कोऱ्या करड्या कागदावर एक निळा ठिपका हिंडताना दिसतो. थारवाल्याचं तेच झालं. चौदा घरं हातात आणि खाली नकाशाच नाही. एकाचं तर लोकेशनच बंद होतं, तर त्याच्या कुठल्याशा अ‍ॅपनं त्याला ०, ० वर नेऊन ठेवलं. विषुववृत्त आणि ग्रिनिचची रेघ जिथं भेटतात ती ही जागा आफ्रिकेबाहेर गिनीच्या आखातात आहे. तिथं बेट वगैरे काही नाही. हवामानाच्या नोंदी घेणारा एक तरंगता बोया अनेक वर्षं तिथं नांगरलेला होता. तरीही नकाशावाल्यांनी गमतीनं त्या जागेला ‘नल आयलंड’ असं नाव दिलं आहे, कारण जगातले पत्ता हरवलेले सगळे फोन तिथंच जमतात. आमच्या ग्रुपची उपस्थिती तिथं चांगली असते.

आणि ज्यांचे आकडे, क्रम, ठिपके सगळं बरोबर होतं त्यांचं काय? त्यातले दोघे वरच्या वळणावर सापडले. अक्षांश-रेखांश उंची सांगत नाहीत. घाटात रस्ता स्वतःवरच दुमडतो, तिथं नकाशावर दोन ठिपक्यांत तीसेक मीटरचं अंतर आणि मध्ये अख्खा कडा, असं होऊ शकतं. हे दोघे आमच्या डोक्यावर उभे राहून ‘आलो, आलो’ ओरडत होते आणि आम्ही खालून ‘या, या’ म्हणत होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर हेच आडवं होतं. चौथ्या घरातला एकाचा फरक झाला की पुण्याचे लोक दुभाजकाच्या या बाजूला आणि मुंबईचे त्या बाजूला. मग दोन शहरं एकमेकांकडं बघून वडापाव उंचावतात आणि घरी जातात. बिंदूला रस्त्याची बाजू नसते, माणसाला असते. म्हणून आकड्यांच्या जोडीला एक साधं वाक्य लागतंच : ‘पुण्याहून येताना डाव्या हाताला, भज्यांच्या टपरीसमोर.’ अ‍ॅडमिनसाहेबांनी ज्या टपरीवर बंदी घातली होती तीच शेवटी सगळ्यांना दिसली.

अशा रीतीनं जागेचा प्रश्न, काका वगळता, अकरा मीटरांत सुटला. मग लक्षात आलं की मेसेजात आणखी एक आकडा होता आणि त्याला ठिपक्यापुढं एकही घर नव्हतं. ‘सकाळी ८.’

मास्तर आठ छत्तीसला आले. अ‍ॅडमिनसाहेबांनी घड्याळ दाखवलं. मास्तरांनी शांतपणे जीपमधून उतरून, टोपी काढून, पुन्हा घातली.

‘मी वेळेवर आलोय,’ ते म्हणाले. ‘तुमचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे. भारताची प्रमाणवेळ तिथली, मिर्झापूरजवळची. ताम्हिणी त्याच्या नऊ अंश पश्चिमेला. अंशाला चार मिनिटं. म्हणजे इथल्या सूर्याचे आत्ता बरोबर आठ वाजलेत. तुम्ही को-ऑर्डिनेट्स इथले दिले आणि वेळ उत्तर प्रदेशातली दिलीत.’

आकाश गच्च भरलेलं होतं, त्यामुळं सूर्याची साक्ष काढता आली नाही. पण हिशेब चोख होता. मास्तरांनी वर पुरवणीही जोडली की मुंबईनं १९५५ पर्यंत आपली वेगळी, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागची ‘बॉम्बे टाइम’ चालवली होती, तेव्हा उशीर हा शब्द जरा जपून वापरावा.

एवढं बळ मिळाल्यावर काय विचारता! साडेनऊनंतर आलेल्या थारवाल्यानं आपण मस्कतच्या रेखांशावर वेळेत आहोत, असं जाहीर केलं. हिशेब करून पाहिला, बरोबर होता. माणगावहून परत चढून आलेले काका साडेदहाच्या पुढं पोचले, ते जिबूतीच्या वेळेनुसार. नल आयलंडवाला साडेअकरानंतर उगवला, तो जोहान्सबर्गचा. कर्नलसाहेब तेवढे पावणेआठला, म्हणजे जमशेदपूरच्या वेळेवर हजर होते, आणि त्यांनी हा सगळा प्रकार म्हणजे कोर्ट मार्शलला योग्य असल्याचं मत नोंदवलं. पण जो तो आपापल्या रेखांशावर प्रामाणिक होता. जागा एकच असूनही आम्ही जमशेदपूर ते जोहान्सबर्ग असे अठ्ठावन्न अंशांत पसरून भजी खाल्ली.

अ‍ॅडमिनसाहेबांनी धडा घेतला. पुढच्या भेटीचा मेसेज परवा आला. त्यात सगळं आहे. आधी उत्तर, मग पूर्व. दशांशातच, चार घरं, कमी नाहीत, जास्त नाहीत. नकाशा घरी असतानाच उतरवून ठेवा. पुण्याहून येताना डाव्या हाताला, खालचं वळण, टपरीसमोर. काकांसाठी खास ओळ : शून्य हे शून्य नाही. आणि शेवटी, ठळक अक्षरांत, मास्तरांचा बंदोबस्त : ‘सकाळी ८. मिर्झापूरचे ८.’

दोन मिनिटांत बोलेरोवाल्याचं उत्तर आलं : ‘मिर्झापूर लांब पडेल. ताम्हिणीच ठेवा ना.’